‘ओरडतो’ म्हणजे नक्की काय करतो?

पत्राचा सारांश: पत्रलेखक २४ वर्षांचा आहे. कॉलेजात एकत्र असलेले पाच जण आता वेगवेगळ्या ठिकाणी नोकरी करतात आणि आठवड्यातून चार रात्री ऑनलाइन भेटून एकाच संघातून शूटर गेम खेळतात. त्यातल्या एका मित्राचा आवाज इतका मोठा येतो की कानठळ्या बसतात. एका मैत्रिणीचा आवाज कान टवकारूनही कळत नाही. पत्रलेखकानं मित्राच्या आवाजाची पट्टी २० टक्क्यांवर आणली, मैत्रिणीची २०० वर नेली आणि स्वतःच्या हेडफोनचा आवाज पार शेवटपर्यंत वाढवून ठेवला. तरीही गेल्या महिन्यात तिनं ऐन वेळी दिलेली सूचना कुणालाच ऐकू गेली नाही. सामना हातचा गेला आणि मित्र तिच्यावर ओरडला, ‘बोलायचंच नसेल तर येतेस कशाला?’ तेव्हापासून ती आलेली नाही. पत्रलेखकाचं मत असं की मित्र मुद्दाम ओरडतो आणि मैत्रिणीला खेळात रस उरलेला नाही. त्याला विचारायचंय: मित्राला कायमचं म्यूट करावं, ग्रुपमधून काढावं, की आपणच बाहेर पडावं?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचताना मी एक उद्योग केला. ‘ओरडतो’ हा शब्द त्यात किती वेळा आलाय ते मोजलं. अकरा वेळा. मग प्रत्येक ठिकाणी थांबून पाहिलं की तुला तिथे नेमकं काय म्हणायचंय. आपल्या भाषेत हा शब्द दोन कामं करतो. मोठ्यानं बोलणं म्हणजेही ओरडणं आणि रागावणं म्हणजेही ओरडणं. ‘बाबा ओरडले’ असं कुणी सांगितलं तर बाबांचा आवाज किती चढला होता हे आपण विचारत नाही. तुझ्या अकरांपैकी नऊ ठिकाणी मित्राचा आवाज फक्त मोठा आहे. ‘डावीकडे दोघं’, ‘गोळ्या संपल्या’, ‘मला उचला रे कुणीतरी’. रागावणं दोनच ठिकाणी आहे आणि ती दोन्ही त्या एका रात्रीची. पत्र संपेपर्यंत मात्र तू अकराच्या अकरा एकाच खात्यात जमा केलेस आणि निकाल देऊन टाकलास.

मला ती दोन खाती वेगळी करू दे. सोयीसाठी तुझ्या मित्राला नगारा म्हणते आणि मैत्रिणीला टिमकी. ‘नगाऱ्याची घाई तिथे टिमकीचं काय’ ही म्हण ज्यानं केली त्यानं हेडफोन पाहिला नव्हता, पण प्रसंग हाच असणार.

आधी ‘मुद्दाम’ या शब्दाबद्दल. तुमच्या पाच जणांत नगाऱ्याचा आवाज किती मोठा येतो हे चौघांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त त्याला. कान झाकणारे हेडफोन घातले की स्वतःचा आवाज दबलेला, डोक्याच्या आत बोलल्यासारखा येतो. त्यात गेममधले स्फोट कानात. अशा वेळी माणूस आपोआप आवाज चढवतो आणि आपण तो चढवलाय हे त्याच्या लक्षातही येत नाही. एत्येन लोंबार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरानं १९११ साली यावर लिहिलं, म्हणून याला लोंबार परिणाम म्हणतात. गंमत म्हणजे बहिरेपणाचं सोंग करणारे लोक ओळखायला या गोष्टीचा उपयोग होई. कानात गोंगाट सोडायचा. सोंग करणाऱ्याला तो ऐकू येतो, त्यामुळे बोलताना त्याचा आवाज चढतो आणि सोंग उघडं पडतं. ज्याला फसवायचंच आहे अशा माणसालाही जे सहजी आवरत नाही, ते तुझा मित्र मुद्दाम करतो असं तुझं म्हणणं आहे. तूच पुढे लिहितोस, ‘सामना सुरू होण्याआधी, लॉबीत असताना तो ठीक असतो.’ मला या एका वाक्यात त्याची अर्धी सुटका दिसते.

जुन्या फोनमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात सोडण्याची सोय असे, त्याला साइडटोन म्हणतात. आपण किती मोठ्यानं बोलतोय याचा अंदाज त्यानं राहतो. बऱ्याच गेमिंग हेडसेटमध्ये ती सोय आजही आहे, कुठे ‘साइडटोन’ तर कुठे ‘माइक मॉनिटरिंग’ नावानं. नगाऱ्याला सांगण्यासारखी पहिली गोष्ट हीच. ती चालू केली की बहुतेकांचा आवाज आपसूक खाली येतो, आणि कुणाला ‘हळू बोल’ म्हणावं लागत नाही. हेडसेटमध्ये नसेल तर एक कान अर्धा उघडा ठेवून खेळायचं. दिसायला गबाळं दिसतं, पण काम होतं.

आता टिमकी. तिला रस नाही, हे तू कशावरून ठरवलंस? तिचा आवाज हळू येतो यावरून. पत्रातल्या तीन गोष्टी पुन्हा वाच. ती लॅपटॉपच्याच माइकवर बोलते. तिच्या घरी रात्री अकराला सगळे झोपलेले असतात. आणि तिच्या खोलीतल्या पंख्याची घरघर येते म्हणून तुम्हीच तिला आवाज गाळणारी सोय चालू करायला लावलीत.

यातली एकेक घेऊ. तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलनं उतरते. नगाऱ्याचा माइक ओठांपासून ५ सेंटिमीटरवर आहे असं धर आणि टिमकीचा लॅपटॉप ४० वर. पाचाचे दहा, दहाचे वीस, विसाचे चाळीस. तीन वेळा दुप्पट, म्हणजे १८ डेसिबलचा फरक. कानाला १० डेसिबल वाढले की आवाज सुमारे दुप्पट वाटतो. याचा अर्थ दोघं अगदी सारख्या आवाजात बोलले तरी तो तुला तिच्यापेक्षा तिप्पट-साडेतीनपट मोठा ऐकू येणार. स्वभावाचा यात अजून संबंधच आलेला नाही.

त्यावर ती घरच्यांची झोप मोडू नये म्हणून कुजबुजते. कुजबुजण्यात गळ्याचा नाद नसतो, नुसती हवा असते. पंख्याची घरघर गाळणाऱ्या प्रोग्रामला ती हवा घरघरीसारखीच वाटू शकते, आणि तो ती इमानेइतबारे गाळून टाकतो. शिवाय चॅटमध्ये एक उंबरठा असतो. आवाज त्या पातळीच्या वर गेला तरच माइक उघडतो. हळू बोलणाऱ्याच्या शब्दाचं पहिलं अक्षर हा उंबरठा ओलांडेपर्यंत खर्ची पडतं. ‘मागे’ म्हटलं तर ‘गे’ पोचतं. त्या रात्री तिनं सूचना दिली होती, असं तूच म्हणतोस. ‘नंतर तिनं मेसेज करून सांगितलं की ती दोनदा बोलली होती.’ ज्याला रस नाही तो माणूस दोनदा सांगत नाही.

आता तुझ्याबद्दल. तू जे केलंस ते सगळेच करतात, मीही केलं असतं. डिस्कॉर्डसारख्या ॲपमध्ये प्रत्येक माणसाच्या नावावर उजवी क्लिक केली की त्याच्यापुरती पट्टी मिळते, शून्यापासून २०० टक्क्यांपर्यंत. सोय फार चांगली आहे. पण ती फक्त तुझ्या कानापुरती आहे. नगाऱ्याला २० वर नेल्यावर तुझा त्रास कमी झाला आणि तू गप्प बसलास. उरलेल्या दोघांनी बहुधा हेच केलं असेल. म्हणजे चार-सहा महिने प्रत्येकानं आपापल्या घरात त्याला गुपचूप बारीक केलं आणि त्याला मात्र कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. तो अजूनही समजतो की आपलं सगळं छान पोचतंय. माझं स्पष्ट मत सांगते, यात त्याच्यापेक्षा तुमचं जास्त चुकलं.

शिवाय पट्टीला मर्यादा आहेत. नगाऱ्याचा आवाज त्याच्याच माइकमध्ये फाटत असेल, म्हणजे माइकच्या क्षमतेबाहेर जाऊन खरखरत असेल, तर तुझ्याकडे पट्टी कमी करून तो बारीक होईल पण फाटकाच राहील. फाटलेलं उगमालाच शिवावं लागतं. टिमकीला २०० वर नेलंस तेव्हा तिच्या आवाजाबरोबर पंखाही वाढला. आणि उंबरठ्यावर अडलेलं अक्षर ५०० टक्क्यांवर नेऊनही परत येत नाही, कारण ते तिच्या घरातून निघालेलंच नाही.

सगळ्यात काळजी वाटली ती हेडफोन शेवटपर्यंत वाढवल्याची. ‘खेळून झाल्यावर कानात बारीक शिटी वाजत राहते,’ हे तू कंसात, जाता जाता लिहिलंयस. ते कंसातलं वाक्य मला पत्रातलं सगळ्यात मोठं वाटलं. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, इतपत ऐकणं सुरक्षित धरतात, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. त्याच्या वर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० च्या आसपास जेमतेम ४ तास. तुम्ही आठवड्यातून चार रात्री, रोज तीन तास खेळता. गणित तूच कर. हेडफोनचा मुख्य आवाज आजच खाली आण, बाकी सगळं नंतर. आणि ती शिटी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत असेल किंवा पुन्हा पुन्हा येत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखव, त्यात चालढकल करू नकोस.

हे पत्र वाचणारे आणखी पुष्कळ जण असतील ज्यांच्याकडे नगाराही नाही आणि टिमकीही नाही, तरी आवाज वरखाली होतात. त्यांनी, आणि तूही, आधी स्वतःच्या घरात पाहावं. विंडोजच्या जुन्या साउंड खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा भाग आहे. कुणी बोलतंय असं कळलं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, अशी निवड तिथे मुळातच केलेली असते. त्यामुळे कुणी तोंड उघडलं की गेमचा आवाज बुडतो, गप्प बसला की उसळून वर येतो, आणि दोष बोलणाऱ्याच्या माथी जातो. तिथे ‘काहीही करू नको’ ही निवड करून टाकायची. ब्लूटूथ हेडसेटचं दुसरंच दुखणं. त्याचा माइक चालू झाला की तो बहुतेक वेळा गाणी ऐकायच्या पद्धतीतून फोनच्या पद्धतीत जातो आणि सगळाच आवाज डबक्यातून आल्यासारखा होतो. माइक वेगळा, वायरचा वापरला की हे टळतं. आणि काही खेळांमध्ये आवाज अंतरानुसार कमीजास्त होणं हीच योजना असते. तुमचं पात्र जवळ असेल तर स्पष्ट, लांब असेल तर पुसट. अशा खेळात कुणाला ‘नीट बोल’ म्हणण्यापेक्षा चार पावलं पुढे जावं.

तुझ्या ग्रुपसाठी मी सांगेन ते असं. एक रात्र खेळायचं नाही असं ठरवा. निदान पहिली वीस मिनिटं तरी. पाचही जणांनी दुसऱ्यांच्या नावावरच्या पट्ट्या १०० वर आणायच्या. मग एकेकानं एक ते दहा आकडे म्हणायचे. इथे एक मेख आहे. परीक्षा म्हटली की सगळे शहाण्या मुलासारखे बोलतात आणि सामना सुरू झाला की गळा काढतात. म्हणून आकडे शांतपणे म्हणून झाले की एकदा सामन्यातल्या आवाजात, हेडफोनमध्ये गेम चालू ठेवून, ‘मागे आहे, मागे आहे’ असं म्हणायचं. नगाऱ्याची पातळी या दुसऱ्या आवाजावर ठरवायची. टिमकीची ठरवायची ती तिच्या रात्री अकराच्या कुजबुजीवर.

दुरुस्ती कुठून सुरू करायची यालाही क्रम आहे. आधी माइकची जागा. नगाऱ्यानं माइक ओठांसमोरून काढून गालाकडे, दोन बोटं लांब सरकवायचा. टिमकीनं लॅपटॉपचा माइक सोडून फोनचे साधे वायरवाले इअरफोन लावले तरी माइक तोंडाजवळ येईल आणि तिला मोठ्यानं बोलावं लागणार नाही. एवढ्यानंच निम्मं काम होतं असा माझा अनुभव आहे. मी खेळात तिसऱ्या मिनिटाला मरणारी बाई आहे, पण भाचरांच्या हेडफोनच्या तक्रारी पुष्कळ निस्तरल्या आहेत. जागा ठरली की माइकची पातळी. नगाऱ्याच्या कॉम्प्युटरवर ‘मायक्रोफोन बूस्ट’ चढवलेला असेल तर तो काढायचा. मग उंबरठा. डिस्कॉर्डमध्ये ‘इनपुट सेन्सिटिव्हिटी’ आपोआप ठरते, ते बंद करून टिमकीसाठी तो हातानं खाली आणायचा, किंवा तिनं सरळ बटण दाबून बोलायची पद्धत घ्यायची. बटण वापरलं की उंबरठ्याचा प्रश्नच मिटतो, फक्त वाक्य संपायच्या आत बोट उचलू नये. आवाज गाळणारी सोय एकदा बंद करून बघा. पंख्याची घरघर ऐकू येणं परवडलं, मैत्रीण ऐकू न येणं परवडत नाही.

तुला प्रश्न पडेल की हे सगळं मशीन स्वतःहून का करत नाही. करतं, ‘ऑटोमॅटिक गेन कंट्रोल’ त्याचसाठी असतो. हळू बोलणाऱ्याला वर उचलायचं, मोठ्यानं बोलणाऱ्याला खाली दाबायचं. पण त्याला पुढचं दिसत नाही. टीव्हीवर जाहिरात लागली की आवाज दणकन वाढायचा, त्या तक्रारीवर युरोपातल्या प्रसारकांनी २०१० साली आर१२८ नावाचं मोजमाप ठरवलं. त्यांच्या हातात मात्र संपूर्ण तयार कार्यक्रम असतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजून तो एका पातळीवर आणता येतो. तुमच्या गप्पा त्या क्षणी घडतात. कुणी दहा सेकंद गप्प बसला की हा बिचारा समजतो, आवाज कमी आहे, वाढवूया. तो पंखा वाढवत नेतो, आणि मग नगाऱ्याचा पहिला शब्द त्या वाढवलेल्या पातळीवर येऊन आदळतो. तेव्हा टिमकीकडे हा चालू ठेवून पाहा, नगाऱ्याकडे बंद करून पाहा, आणि कानाला बरं वाटेल ते ठेवा. याला ठरीव उत्तर नाही.

आणि सगळ्यात शेवटी, राहिलेला थोडाफार फरक मिटवायला, प्रत्येकाच्या नावावरची ती पट्टी. तू तिथून सुरुवात केली होतीस.

आता नगाऱ्याला सांगायचं कसं. त्याचा आवाज मोठा आहे हे चौघांनी मिळून, चॅटमध्ये, सामना हरल्यावर सांगू नकोस. एकट्याला फोन कर. ‘तू ओरडतोस’ हे शब्द टाळ, कारण ते ऐकताच त्याला दुसरा अर्थ ऐकू येईल आणि तो आपली बाजू मांडू लागेल. ‘तुझा माइक फाटतोय रे, मी तुला कधीपासून वीस टक्क्यांवर ऐकतोय, आधी सांगायला हवं होतं, राहिलं माझ्याकडून,’ एवढं पुरे. जमलं तर दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग ऐकव, त्याला आधी विचारून. आपला आवाज बाहेरून ऐकल्यावर माणसाला फार समजावावं लागत नाही.

दुसरं खातं मात्र याच फोनमध्ये उघडू नकोस. त्या रात्री तो टिमकीला जे बोलला ते कुजबुजत बोलला असता तरी तितकंच वाईट होतं. त्याला साइडटोनचा उपाय नाही. तो विषय वेगळ्या दिवशी काढ आणि तेव्हा लोंबारबिंबार मध्ये आणू नकोस. ‘ती दोनदा बोलली होती. तिचा आवाज कापला जात होता, हे आपल्याला आता कळलंय. तू तिला फोन कर.’ तो करेल असं मला वाटतं, कारण दोनच नोंदी आहेत आणि त्या एकाच रात्रीच्या. पण माइक नीट झाल्यावरही तो हरलेल्या प्रत्येक सामन्याचं खापर कुणा एकाच्या डोक्यावर फोडत राहिला, तर म्यूटचं बटण आहेच आणि ते वापरताना मनाला लावून घ्यायचं कारण नाही. त्याला काढायचं की तू निघायचं, हा प्रश्न तेव्हाचा. आज तुझ्याकडे त्याचं उत्तर देण्याइतका पुरावा नाही.

टिमकीसाठी मात्र नगाऱ्याच्या फोनची वाट पाहू नकोस. तिला आजच लिही. ‘परत ये’ असं लिहू नकोस, त्यात ती रुसून बसलीय असा सूर येतो. तिचा आवाज का पोचत नव्हता ते लिही, उंबरठ्याचं आणि पंख्याचं. महिनाभर ती कदाचित असंच समजून बसली असेल की आपण बोललो आणि तुम्ही लक्ष दिलं नाही. ‘ऐकू आलं नाही’ आणि ‘ऐकलं नाही’ यातला फरक तिला कुणीतरी सांगायला हवा. शनिवारी वीस मिनिटं आवाज जुळवायला बसतोय, खेळायचं नाही, इअरफोन घेऊन ये, असं कळव. आली तर उत्तम. नाही आली तर चौघांनी आपले चार आवाज जुळवून घ्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचार.

त्या रात्री बसण्याआधी तू स्वतःची २० ची पट्टी १०० वर आणायला विसरू नकोस. आणि आधी हेडफोन कमी कर, मग पट्टी वाढव. उलट केलंस तर पहिल्या ‘हॅलो’लाच कळेल.

तुझी,
ताई